गलबतावरचे अप्पा

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे धाराशिवकडच्या वाशीच्या नारळवाल्या अप्पांना, जगात कशाचंच नवल वाटत नसे. गावात पहिली मोटार आली तेव्हा सगळी वाशी तिच्यामागं धावली. अप्पा दुकानाच्या गादीवरून उठले नाहीत. ही बिघडली तर ओढायला बैल कुणाचे सांगून ठेवलेत, एवढंच त्यांनी विचारलं. मला बघायला आले तेव्हा मी मॅट्रिक पास झालोय, उर्दूत पहिला आलोय आणि शिवाय कविता करतो, हे माझ्या वडिलांनी ओळीनं सांगितलं. अप्पांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, माझ्याकडं एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "चालतंय." माझ्या कवितेचं एवढं कौतुक पुढं कुणीच केलं नाही, त्यामुळं तो अभिप्राय मी आजवर जपून ठेवला आहे.

वाशीच्या बाजारात अप्पांचं नारळ-सुपारीचं दुकान होतं. तुळजापूरला जाणारे लोक नारळ अप्पांकडूनच नेत. नारळ कानाशी धरून एक टिचकी मारली की आत पाणी किती, खोबरं कसं, हे अप्पा सांगत आणि गिऱ्हाईक देवाचा शब्द असल्यासारखं ऐके. उभं आयुष्य नारळ विकणाऱ्या या माणसानं नारळाचं झाड मात्र कधी पाहिलं नव्हतं. नारळ भुईमुगासारखे जमिनीत लागतात असं त्यांनी एका शेतकऱ्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, ही गोष्ट आमच्या सासूबाई, अव्वा, चारचौघांत सांगत. अप्पा ती नाकबूल करत. पण तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली येई.

महायुद्ध पेटलं. मालगाड्या फौजेच्या कामाला लागल्या आणि येडशी स्टेशनावर नारळ उतरायचा बंद झाला. हिटलरचं आणि वाशीच्या नारळाचं वाकडं काय, हे अप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानात नुसती रिकामी पोती राहिली. तेव्हा उमरग्याकडच्या आणि घरात कानडीतून हुकूम सोडणाऱ्या अव्वा एक दिवस भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, की माल येत नसेल तर मालाकडं जावं, इथं बसून माश्या किती दिवस मारायच्या? जाताना जावयालाही न्यावं, नाहीतरी त्याला दुसरा काय उद्योग आहे? मी तेव्हा तहसिलीतल्या नोकरीची वाट बघत होतो आणि वाट बघण्याच्या कामात मला खरोखरच कुणाची मदत लागत नव्हती. अप्पांना मुलगा नव्हता. एकुलत्या एक मुलीचा नवरा हाताशी होता, तोच उचलला.

मला मात्र आनंद झाला. समुद्रावर मी तोवर बऱ्याच कविता केल्या होत्या. समुद्र पाहिलेला नसल्यामुळं त्या फार भराभर होत. येडशीपर्यंत बैलगाडीनं, पुढं बार्शी, कुर्डुवाडी, मिरज असं करत छोट्या गाडीनं, मग खटाऱ्यानं घाट उतरून आम्ही मालवणला पोचलो. समोर समुद्र दिसला आणि मी खिशातली वही काढली. अप्पांनी डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि शेजारच्या माणसाला विचारलं, "हे सगळं खारंच?" तो हो म्हणाला. "मग काय उपयोग," म्हणून अप्पा धर्मशाळेची चौकशी करायला लागले. वाशीला उन्हाळ्यात कोसभरावरून घागरी आणणाऱ्या माणसाचं हे मत होतं. माझी कविता त्यापुढं टिकेना.

मालवणच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, की आगगाडीचा भरवसा नाही, पण शिडाची गलबतं मंगळूरपर्यंत जातात आणि नारळ घेऊन येतात. आम्हाला न्यायला तयार झाला तो भिवा तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. हा काळा, सडसडीत, फार कमी बोलणारा माणूस होता आणि अप्पांनी त्याच्याशी पहिल्याच दिवशी वाद घातला. कधी निघणार, असं अप्पांनी विचारलं. वारा आला की, असं तो म्हणाला. वारा कधी येणार? तांडेलानं आकाशाकडं बोट केलं. ज्या धंद्यातला मुख्य नोकर कामाला कधी येणार हे मालकालाच ठाऊक नाही तो धंदा बुडणार, असं अप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानंतर आम्ही त्याच गलबतावर चढलो, कारण दुसरं नव्हतं.

गलबतावरच्या संसाराची कल्पना घरी बसून येत नाही. मागच्या बाजूला चटईचं छप्पर घातलेला एक कोपरा, तेवढं आमचं घर. त्यात अप्पांच्या ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगाचटणीचा डबा, येसराच्या मसाल्याची पुडी आणि आम्ही दोघं. चूल म्हणजे मातीनं भरलेली लाकडी पेटी. प्यायचं पाणी एका पिंपात, आणि त्यावर तांडेलाची नजर. प्रातर्विधीसाठी मागच्या अंगाला समुद्रावर लोंबकळत असलेली एक फळी. तिच्यावर बसून दोन्ही हातांनी दोर धरायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. अप्पा तिथंही डोक्याचा पटका बांधूनच जात. आपण कुणीतरी आहोत हे माशांनाही कळायला हवं, असा त्यांचा हिशेब असावा.

निघाल्याबरोबर मला समुद्र लागला. पोटात काही राहीना आणि डोक्यात ओळ सुचेना. मी पोत्यांवर पालथा पडून होतो आणि ज्या सागराला मी गंभीर, उदात्त वगैरे म्हटलं होतं त्याला मनातल्या मनात वेगळीच विशेषणं लावत होतो. अप्पांना काहीही झालं नाही. वाशी-येडशी रस्त्यावर बैलगाडीत बसलेल्या माणसाला हे झोके म्हणजे पाळणा, असं त्यांनी तांडेलाला सांगितलं. मग माझ्याजवळ बसून लिंबू हुंगायला देत म्हणाले, "जावईबापू, घरी सांगायचं असंल तर सांगा, का जावयानं समुद्रालाबी जेवू घातलं." सासऱ्यांनी माझ्याशी केलेली ही पहिली थट्टा. ती ऐकायला मी फारसा शुद्धीवर नव्हतो.

त्यांची सकाळ ठरलेली. उजाडलं की तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय आणि अंग, एवढं सगळं ते उरकत, वर घोटभर पाणी शिल्लक राही. खलाशी बघत राहत. मग भस्माचे पट्टे ओढून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन ते पूजेला बसत. गलबत कितीही कलंडलं तरी तो तळहात सपाट राही. खलाशी रोज मासळी खात आणि अप्पा तिकडं पाठ करून आपली चूल पेटवत. अडचण एवढीच, की घरी पाण्याचा पेलासुद्धा हातानं न घेतलेल्या या माणसाला भाकरी थापता येत नव्हती. मला तर मुळीच येत नव्हती. पहिली भाकरी उलथताना समुद्रात गेली. दुसरी तव्यावर राहिली, पण ती खाण्यापेक्षा पहिलीचं बरं झालं असं वाटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र भाकरी फुगली. अप्पांनी ती बराच वेळ हातात धरली. मग म्हणाले, "ती रोज करती. कधी बोलली न्हाय, का हे असं अवघड हाय." एवढंच.

तांडेलाच्या बोलण्यावर त्यांची टीका चालूच असे. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी थांबायचं झालं की तांडेल ओरडे, "नांगर टाका!" आमच्याकडं नांगर म्हणजे शेतातला. अप्पा मला विचारत, नांगर टाकून इथं पेरणार काय? शिडाला ते चवाळं, म्हणजे गोणपाटाचं फडकं, म्हणत. वारा पडला की तांडेल बिडी ओढत बसे, तर अप्पा त्याला सांगत, की असल्या गड्याला वाशीत कुणी सालानं ठेवणार नाही. सूर्य समुद्रात बुडायला लागला की मी उठून बसे, कारण कवीनं पडून राहणं बरं दिसत नाही. अप्पा त्या सोहळ्याकडं पाहून म्हणत, की उद्या परत यायचाच आहे, त्याला एवढं काय बघायचं! गलबताबरोबर मोठे मासे उड्या मारत पोहू लागले तेव्हाही त्यांचं मत असं पडलं, की काम नाही, धंदा नाही, वरून अंगात मस्ती. एखाद्या जहागीरदाराची पोरं असावीत.

पण मी पाहत होतो. आजारी माणसाला दुसरं काम नसतं. अप्पा आधी छपराखाली बसत, मग बाहेर बसू लागले, मग सुकाणूजवळ. तिथं ऊन कमी लागतं म्हणाले. तिथं ऊन जास्त होतं. काही दिवसांनी तांडेल जेवायला बसला की सुकाणूची दांडी अप्पांच्या हातात दिसू लागली. मी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, की नुसतं धरून ठेवायचं असतं, त्यात काय? तांडेलही त्यांना काही शिकवतोय असं दाखवत नसे. शीड फडफडलं की तो हातातल्या घासासकट मान हलवी आणि अप्पा दांडी जराशी ओढत.

मंगळूरला अप्पांनी नारळाचं झाड पाहिलं. एक नव्हे, नजर जाईल तिथवर. ते एका खोडाशी गेले, मान मागं टाकून वर बघत राहिले, इतका वेळ की पटका पडायला आला. मग म्हणाले, "लई उंच ठेवलंय." तिथं त्यांनी आपलं कानडी बाहेर काढलं. ते अव्वांकडून शिकलेलं, मध्ये मध्ये उर्दू पेरलेलं कानडी ऐकून तिथले व्यापारी चक्रावले. हा माणूस हैदराबादचा कुणी अंमलदार असावा असं त्यांना वाटलं आणि त्यांनी भाव बरा लावला. अप्पांनी निम्मे नारळ कानाशी धरून वाजवले. गलबत भरलं, वरही नारळ रचून जाळी बांधली आणि आम्ही परत फिरलो.

कारवारच्या अलीकडं भर दुपारी एकाएकी आभाळ काळं झालं. तांडेलानं शीड उतरवायला सांगितलं, आणि उतरवता उतरवताच वारा आला. दोर सरकला. तांडेलाचा उजवा हात दोरात आणि लाकडात सापडला. खलाशांनी तो सोडवला तेव्हा बोटांची दशा बघवत नव्हती. खलाशी होते तेवढे शिडाला लोंबकळत होते, ते सोडलं असतं तर डोलकाठी गेली असती. गलबत आडवं व्हायला लागलं. तांडेल फळ्यांवर पडला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, लगेच नजर वळवली आणि म्हणाला, "शेटजी, सुकाणू धरा."

अप्पा उठले आणि दांडी धरली. तांडेल पडल्या पडल्या सांगत होता, डावीकडं ओढा, आता सोडा, आता परत ओढा. लाट आली की तो सांगायचा थांबे आणि अप्पा त्याच्याकडं न बघता आपलं आपण ओढत. पावसानं समोरचं काही दिसत नव्हतं. मी अप्पांचे दोन्ही पाय मिठीत धरले होते. ते वाहून जाऊ नयेत म्हणून, असं मी नंतर सांगत असे. तेव्हा हेतू तितका स्पष्ट नव्हता. वरचे नारळ जाळी तुटून एकेक करत पाण्यात जाऊ लागले. अप्पांनी एकदाही तिकडं मान वळवली नाही. फक्त एकदा विचारलं, अजून किती? मी सांगेपर्यंत, असं तांडेल म्हणाला. दिवस मावळायच्या सुमारास आम्ही खाडीत शिरलो आणि पाणी एकदम सपाट झालं. खलाशांनी अप्पांची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली. हातांची कातडी दांडीला राहिली होती.

बंदरात लोक जमले, वाशीच्या शेटजींनी गलबत आणलं म्हणून बघायला आले. अप्पा म्हणाले, की तांडेल सांगत होता, मी ओढत होतो, त्यात काय? पण तांडेलाला वैद्याकडं नेलं तेव्हा ते बरोबर गेले आणि त्याच्या हाताला पट्टी बांधून होईपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहिले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांचे सोललेले दोन्ही हात मांडीवर उताणे होते. ते माझ्या लक्षात आलं हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी ते काखेत घालून टाकले.

मालवणला नारळ खटाऱ्यात चढले, मी चढलो, अप्पा खालीच उभे. तांडेलाचा हात या मोसमात बरा होणार नाही, म्हणाले, तेव्हा त्याच्याबरोबर एक खेप करून येतो. अव्वांना तसं सांगा. मी वाशीला जाऊन तसं सांगितलं. अव्वांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मला परत समुद्र लागतोय असं वाटलं. त्या म्हणाल्या, "कामाचं माणूस तिकडं ठेवलं, आणि आणलं हे?" त्यांनी नारळ उतरवून घेतले, दुकान उघडलं आणि त्या गादीवर स्वतः बसल्या.

ती एक खेप पावसाळ्याच्या तोंडाशी संपली. गलबतं किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारली, तेव्हा अप्पा घरी आले. काळे पडले होते, बारीक झाले होते आणि भाकरी स्वतः थापत होते. चार महिने त्यांनी दुकान सांभाळलं. नारळी पौर्णिमा झाली, की त्यांना दुकानात उकडायला लागलं. इकडं माल मिळत नाही, तिकडं कुणीतरी गेलं पाहिजे, असं ते भिंतीकडं बघून सांगत. अव्वा पीठ दळून पिशवी भरून ठेवत. युद्ध संपलं, मालगाड्या सुरू झाल्या, येडशीला नारळ येऊन पडू लागला, तरी अप्पांना माल मिळत नव्हताच. दरवर्षी आठ महिने नवरा खाऱ्या पाण्यावर आणि चार महिने घरी, यावर शेजारणींनी हळहळ व्यक्त केली तर अव्वा सांगत, की चार महिने पुरतो. मला तोवर धाराशिवला मास्तरकी मिळाली होती. भूगोल शिकवताना मी समुद्राचं वर्णन मोठ्या अधिकारानं करीत असे.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. गावोगाव रझाकारांची दहशत, सरहद्दीवरची गावं ओस पडायला लागली. मी बायको-मुलाला घेऊन बार्शीला, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या मुलखात, निघून गेलो. अव्वांनी यायला साफ नकार दिला. दुकान सोडून आपण कुठंही जाणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पावसाळा उतरणीला लागला आणि एक दिवस अप्पा पिठाची पिशवी खांद्यावर टाकून बार्शीला आमच्या दारात उभे राहिले. मोसम सुरू होतोय, म्हणाले, मालवणला निघालोय. त्यांची मुलगी बोलली, आणि बरंच बोलली. आईला अशा दिवसांत एकटं टाकून समुद्राची हौस सुचते कशी, इथपर्यंत बोलली. अप्पा ऐकत जेवले, हात धुतले आणि पिशवी उचलली.

मी त्यांना स्टेशनावर पोचवायला गेलो. कुर्डुवाडीची गाडी लागली होती. अप्पा डब्यापर्यंत गेले, दांडीला हात घातला आणि तसेच उभे राहिले. मागच्या लोकांनी ढकललं तशी बाजूला झाले. गाडी शिट्टी देऊन निघून गेली. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, की दुकानाच्या मागल्या दाराला कडी नीट बसत नाही, ती करायची राहिलीय. पिशवी खांद्यावर टाकली आणि वाशीच्या रस्त्याला लागले. त्या रस्त्यानं तेव्हा माणसं फक्त इकडं येत होती. तिकडं जाणारे अप्पा एकटेच.

पुढं काय काय झालं ते अव्वांनी नंतर थोडं थोडं सांगितलं. एकदा रझाकारांनी दुकान फोडलं, नारळ रस्त्यावर टाकले. अप्पा दारात उभे राहिले आणि दुकानात काय ते न्या, म्हणाले, पण घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. डोक्याला खोक पडली, ती पटक्याखाली झाकली गेली. हिंदुस्थानचं सैन्य आलं, निजामाचं राज्य गेलं, आणि आम्ही परतलो तेव्हा अप्पा रिकाम्या दुकानात गादीवर बसले होते. मागल्या दाराला नवी कडी दिसली.

त्यानंतर अप्पा समुद्रावर गेले नाहीत. गुडघे दुखतात असं सांगत. पुढच्या साली, नारळी पौर्णिमेच्या आधी, भिवा तांडेल वाशीला आला. जन्मात घाट न चढलेला माणूस आमच्या काळ्या रानाकडं बघून बावरून गेला होता. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. अप्पांनी स्वतः भाकऱ्या थापून त्याला जेवू घातलं. मीही सुटीला आलो होतो. जेवण झाल्यावर तांडेल म्हणाला, "शेटजी, येतास मा? तुमची जागा तशीच आसा." अप्पा गुडघ्यांचं सांगायला लागले.

अव्वा उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होत्या. अप्पांचे गुडघे त्यांनी चांगले ओळखले असावेत. वर न बघता म्हणाल्या, "जावा की. आता दिस बरे हायेत. मला काय सोबत लागती का?"

अप्पांनी कातरलेल्या सुपारीतलं एक खांड उचललं. मग म्हणाले, "मला लागती."

अडकित्ता थांबला. अव्वा उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तांडेलानं बिडी पेटवली. दुसऱ्या दिवशी अप्पा त्याला बैलगाडीनं येडशीपर्यंत सोडून आले.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी अप्पा गेले. आमच्या रिवाजाप्रमाणं त्यांना मातीत बसवलं, वाशीच्या शिवारात, समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. अव्वांनी दुकान पुढं चालवलं. त्या नारळ कानाशी धरून वाजवत, पण काय ऐकू आलं ते गिऱ्हाइकाला कधी सांगत नसत.